परसबागेत मित्रकीटक, पक्षी आणि बेडूक यावेत म्हणून नेमकं काय करायचं?

अंगणवेल

नाशिकमध्ये घरामागे साधारण ६०० चौरस फूट मोकळी जमीन आहे आणि वर गच्चीत कुंड्या. रासायनिक फवारणी पूर्ण बंद केली आहे. आता बाग स्वतःची काळजी स्वतः घेईल अशी घडी बसवायची आहे. सध्याची स्थिती अशी:

चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा आहे, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. दुधीची कोवळी फळं बोटाएवढी होऊन पिवळी पडतात. वांग्याला फुलं भरपूर, फळं मोजकीच.

मित्रकीटक विकत आणावेत की आपोआप येतात? कोणती झाडं लावावीत आणि केव्हा? पक्ष्यांसाठी, बेडकांसाठी पाणी ठेवलं तर डास होतील का? आणि दगडांचा ढीग, पालापाचोळा ठेवला तर साप येतील अशी घरच्यांना धास्ती आहे, त्याचं काय करावं?

---

रानमाळी

विकत आणायची घाई करू नका. खायला नसेल तर सोडलेले भुंगेरे दोन दिवसांत शेजारच्या बागेत उडून जातात, आणि खायला असेल तर बहुतेक वेळा ते न बोलावता येतात. तुमच्याकडे मावा आहे म्हणजे जेवण तयार आहे. प्रश्न एवढाच की जेवायला येणाऱ्याला कोण हाकलतंय. उत्तर बहुधा मुंग्या.

मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांच्या (मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या) अळ्यांना चावून खाली पाडतात, अंडी उचलून नेतात. म्हणून पहिलं काम मुंग्यांची वाट तोडणं. जास्वंदीच्या खोडाला जमिनीपासून वीतभर वर कापडी पट्टी घट्ट बांधा, तिच्यावर प्लॅस्टिकची चिकटपट्टी आणि त्यावर व्हॅसलिनचा जाड थर द्या. व्हॅसलिन थेट सालीवर चोपडू नका, कोवळी साल खराब होते. दर आठवड्याला पट्टी बघा. धूळ बसली किंवा मेलेल्या मुंग्यांचा पूल झाला की थर नवा करा. भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकणारी एकही फांदी ठेवू नका, नाहीतर पट्टीचा काही उपयोग नाही. कुंड्यांना हे सोपं जातं: कुंडी विटेवर आणि वीट पाण्याच्या ताटलीत. ते पाणी मात्र दोन-तीन दिवसांनी बदला.

मुंग्या थांबल्या की चवळीच्या फक्त सगळ्यात भरलेल्या शेंड्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा किंवा ते शेंडे खुडा. बाकी मावा राहू द्या. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माव्याची संख्या आठवड्यात कितीतरी पट होते, पण ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला अडीच-तीन आठवडे लागतात. मधले दहा-बारा दिवस झाड वाईटच दिसणार. त्या दिवसांत फवारणी केली की मावा आणि अळ्या दोन्ही मरतात, आणि परत वाढतो तो मावा.

आता ओळख. इथे चूक झाली तर आपण आपलीच माणसं मारतो.

ढालकिड्याची अंडी पिवळी-केशरी, लांबट, पानाच्या खाली उभी रचलेली, दहा ते तीसच्या झुबक्यात. अळी काळपट, अंगावर पिवळे किंवा नारिंगी ठिपके, सहा पाय, शेपटीकडे निमुळती, थेट छोट्या मगरीसारखी. तिला कीड समजून चिरडतात. ती दिवसाला कित्येक मावे फस्त करते. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा ढालकिडा पिवळसर-नारिंगी, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला.

क्रायसोपाची (जाळीदार पंखांचा नाजूक हिरवा मित्रकीटक) अंडी केसासारख्या बारीक देठावर एकेक टांगल्यासारखी दिसतात. सिरफिड माशीची (फुलांवर एका जागी तरंगणारी माशी) अळी बिनपायाची, हिरवट, अर्धपारदर्शक, माव्याच्या घोळक्यात पडून असते. फुगून तपकिरी झालेले, कागदासारखे कोरडे मावे दिसले तर ते अजिबात धुऊन टाकू नका. त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. नंतर त्याला गोल भोक पडतं आणि माशी बाहेर येते. दहात दोन-तीन मावे असे दिसले तर बाकीच्यांचा हिशेब होणारच.

एक तोतया लक्षात ठेवा. वांग्यावर मळकट विटकरी रंगाचा, अंगावर बारीक लव असलेला, २८ ठिपक्यांचा भुंगेरा येतो. तो ढालकिड्यांच्याच कुळातला, पण पानं खाणारा. त्याची अळी पिवळी आणि काटेरी. पानाचा हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी ठेवली असेल तर काम त्याचंच. हे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

झाडांबद्दल. प्रौढ सिरफिड माशी, क्रायसोपा आणि परोपजीवी माश्यांना मध-पराग लागतो, आणि त्यांची तोंडं छोटी असल्याने फुलं उघडी, बारीक हवीत. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी ही चार घरातल्या डब्यातूनच मिळतात. ऑक्टोबरपासून दर १५–२० दिवसांनी हातभर पट्ट्यात थोडी थोडी पेरा आणि प्रत्येक खेपेतली निम्मी कोथिंबीर कापायची नाही, फुलू द्यायची. थंडीत पेरल्यापासून फुलायला दीड ते दोन महिने जातात, म्हणून एकदाच पेरून भागत नाही. मोहरीचा दुहेरी उपयोग होतो: मोहरीवरचा मावा कोबी-मुळ्याच्या आधी तिच्यावर जातो आणि तिथे ढालकिडे वाढतात. बांधाला मक्याची चार-पाच ताटं लावा, त्याचे पराग ढालकिडे आणि क्रायसोपा खातात. पावसाळ्यात तीळ, सब्जा, तुळस. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. एकदांडी उगवली तर तिला तण म्हणून उपटू नका, वर्षभर फुलते.

कुंपणाला रुई असेल तर राहू द्या. तिच्यावरचा पिवळा मावा रुई-कण्हेरीच्या कुळातलीच झाडं धरतो, भाजीवर येत नाही. त्यामुळे भाजी स्वच्छ असतानाही ढालकिड्यांना घर राहतं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

दाट पाकळ्यांचा संकरित झेंडू दिसायला सुंदर असतो, पण त्यात माशीला मध सापडत नाही. एकेरी पाकळ्यांचा घ्या.

---

परागकण

दुधी आणि वांगं, दोन्हीचा आजार वेगळा आहे. कीड सोडून परागीभवनाकडे बघा.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मलूल होतं. मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात. त्यावर येतात ते पतंग. गच्चीवर किंवा मागच्या दारी रात्रभर पांढरा प्रखर दिवा असेल तर पतंग त्याच्याभोवतीच फिरत राहतात. दिवा बंद ठेवा, अगदी हवाच असेल तर मंद पिवळा आणि खाली तोंड करून लावा. दोडका आणि पडवळ यांचंही असंच, फुलं दिवस मावळताना उघडतात. घोसाळं, कारलं, काकडी, लाल भोपळा मात्र सकाळचे. त्यांचं काम मधमाश्या करतात आणि दहा-अकराच्या आत उरकतात, म्हणून सकाळी या वेलांवर कडुनिंबाचाही फवारा नको.

पतंग पुरेसे येईपर्यंत दुधीला हाताने मदत करा. संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला ताजं उमललेलं नर फूल तोडा (त्याच्या मागे फक्त बारीक देठ असतो), पाकळ्या काढा आणि परागाची दांडी मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. आधी मात्र गळ कशाने होते ते तपासा. फळ टोकाकडून पिवळं पडत सुकलं तर परागीभवन झालेलं नाही. फळ एका बाजूला वाकलं, टोचल्याची खूण आणि तिथे डिंकाचा थेंब दिसला तर फळमाशी. मग क्यू ल्युरचा (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावा आणि किडकी फळं जमिनीत किमान अर्धा फूट खोल पुरा किंवा पिशवीत बांधून उन्हात तापवा. फळमाशीसाठी निव्वळ मित्रकीटकांवर विसंबू नका, पुरे पडत नाहीत. नुसतीच नर फुलं येत असतील तर शेणखत-युरिया कमी करा. नत्र जास्त झालं की वेल माजतो.

वांगं आणि टोमॅटो यांचा पराग परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून, हादरा बसला की बाहेर पडतो. सातेरी मधमाशीला तो हादरा देता येत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एकलकोंडी माशी फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा पराग झडतो. वारा थोडं काम करतो, म्हणून काही फळं धरतात.

भुंग्यांना घर द्या. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळक्या, बोटापेक्षा जाड फांद्या तोडून जाळू नका, कुंपणाला आडव्या बांधा. शिवाय बांबूचे तुकडे: एका टोकाला गाठ, दुसरं उघडं, लांबी १२ ते १५ सेंटिमीटर, भोक ४ ते १० मिलिमीटर. अशा २०–२५ नळ्यांची जुडी पूर्वेकडे तोंड करून, छपराखाली, पाऊस लागणार नाही अशी घट्ट बांधा. लोंबकळणारी जुडी माश्यांना नको असते. नळीचं तोंड पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत करा, कुसळं राहिली तर पंख फाटतात. नळीचं तोंड मातीने किंवा पानाच्या तुकड्यांनी बंद झालं की आत पिल्लं आहेत. ती बाहेर पडून गेलेल्या नळ्या दोन वर्षांत बदला, नाहीतर बुरशी आणि कोळीकिडे होतात. गुलाबाच्या पानाच्या कडेला गोल चकत्या कापलेल्या दिसतील. ते याच माश्यांचं काम, रोग नव्हे.

जमिनीत घर करणाऱ्यांसाठी दोन-तीन चौरस फूट उन्हातली माती उघडी ठेवा. सगळीकडे आच्छादन पसरलं की या माश्यांना जागाच उरत नाही, आणि आच्छादनाचा हा तोटा फारसं कोणी सांगत नाही.

झुडपात फुलोरी मधमाशीचं तळहाताएवढं एकच पोळं दिसलं तर राहू द्या. सहसा अंगावर येत नाही. आग्या मोहोळ वेगळं. ते घराजवळ असेल तर धूर, पाणी, दगड काहीही करू नका, जाणकाराला बोलवा. सातेरीच्या पेट्या ठेवायची इच्छा झाली तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मिळतं. पण ६०० फुटांच्या बागेला पेटीची गरज नाही.

---

पाणवठा

पाण्याचं एक गणित आहे. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याच्या आत पाणी बदललं तर डास होत नाही. पण नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि सुकी राहूनही टिकतात. म्हणून काथ्याने घासून धुवायचं. उन्हाळ्यात रोज पाणी भरा, दर तीन दिवसांनी घासा.

पक्ष्यांसाठी मातीचं पसरट परळ, खोली तीन ते पाच सेंटिमीटर, आतून खडबडीत. गुळगुळीत स्टीलच्या थाळीत पाय घसरतात. झुडपापासून सहा-सात फुटांवर ठेवा: फार जवळ ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार लांब उघड्यावर ठेवलं तर लहान पक्षी येत नाहीत. मधमाश्यांसाठी वेगळी ताटली, तिच्यात खडे आणि खड्यांची डोकी पाण्याच्या वर. त्यात साखर-गूळ घालू नका, मुंग्या येतात.

दाणे टाकू नका. चिमण्यांसाठी टाकलेले दाणे पारवे खातात, मग पारवेच राहतात, आणि त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचे विकार होतात. किडे खाणारे पक्षी दाण्याला येतही नाहीत. शिंपी, वटवट्या, दयाळ यांना हवं ते झुडूप, पाणी आणि न फवारलेली पानं. कण्हेर, अडुळसा, जास्वंद अशी मिश्र कुंपणझाडं चार-पाच फूट दाट वाढू द्या. मार्च ते ऑगस्ट जोरदार छाटणी टाळा, आत घरटी असतात. वांग्याची किंवा अंजिराची दोन पानं शिवलेली दिसली तर ते पान खुडू नका. चिमणीसाठी खोका लावणार असाल तर भोक ३२ ते ३५ मिलिमीटर, तळ १२ ते १५ सेंटिमीटर, उंची आठ-दहा फूट, पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा टाळून. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना किडे-अळ्याच भरवते.

बेडकांसाठी जमिनीवरच सोय करा. सातव्या मजल्याच्या गच्चीत बेडूक चढून येत नाहीत, तिथे हा खटाटोप नको. जमिनीत अडीच-तीन फूट रुंद टब, मध्यभागी फूटभर खोल, एका बाजूने दगड रचून उतार. उतार नसेल तर पिल्लं आणि खारी बुडतात. हायड्रिला, एखादी कुमुदिनी लावा, जलपर्णी मात्र कधीही नको. नळाचं पाणी भरलं तर दोन दिवस उघडं ठेवून मग झाडं सोडा. चतुर आणि टाचणी यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, पण त्या आपोआप यायला वेळ लागतो. तोवर बीटीआय नावाची जिवाणूंची भुकटी पाकिटावरच्या प्रमाणात टाका. डासांच्या अळ्या मरतात, बेडूकमाशांना काही होत नाही.

भेक आणि बेडूक रात्री गोगलगायींची पिल्लं, वाळवी, भुंगेरे टिपतात. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरच्या. २०२२ मध्ये लातूर-बीडकडे सोयाबीनची नासाडी यांनीच केली. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा, पहाटे उलटून हातमोजे घालून गोळा करा, मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकू नका. त्या खाऊन कुत्री मरतात, आणि विष खाल्लेली गोगलगाय भारद्वाजाच्या पोटात जाते. गोगलगायी खाणारा आपल्या बागेतला सगळ्यात भरवशाचा पक्षी तोच आहे.

सापांचं सांगतो. साप मुख्यतः खायला, म्हणजे उंदीर-बेडकांसाठी येतो, दगडाचा ढीग त्याला फक्त लपायला जागा देतो. कंपोस्टात शिजवलेलं अन्न, उघडी कोंबडीखाद्याची पोती, सांडलेले दाणे: हे बंद केलं की निम्मी धास्ती संपते. दगड-लाकडाचा ढीग घराच्या दारापासून किमान १५ फूट लांब, कुंपणाच्या कडेला ठेवा. त्यातला पालापाचोळा हाताने उपसू नका, फावडं वापरा आणि पायात बूट घाला. अंगणात रात्री टॉर्च हवाच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार ओळखायला घरच्या सगळ्यांनी शिकावं. मोठी, चपळ, बिनविषारी धामण उंदीर खाते. साप घरात शिरला तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा सर्पमित्राला फोन करा, मारू नका. साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. पक्ष्यांपासून फळं वाचवायला नायलॉनची जाळी लावणार असाल तर ती ताणून बांधा. जमिनीवर सैल पडलेल्या जाळीत धामण अडकून मरते.

---

खडकवेल

टबात चार गप्पी मासे सोडले की डासांचा प्रश्न सुटतो. एवढी भुकटी वगैरे कशाला?

---

पाणवठा

बंद हौदात, जिथे दुसरं काही जगणार नाही, तिथे गप्पी ठीक. पण बेडकांसाठी केलेल्या टबात नको. गप्पी बेडकांची अंडी आणि अगदी लहान पिल्लं खातात, चतुराच्या छोट्या अळ्याही. शिवाय मासा परदेशी आहे. पावसात टब भरून वाहिला की तो नाल्यात जातो आणि तिथल्या देशी माशांच्या तोंडचं खातो. टबाला कायमचे मासे ठेवलेत तर बेडूक विसरा, दोन्ही एकत्र जमत नाही.

---

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकणांमध्येच काही मोठे, पांढऱ्या झुपक्यांचे, भराभर चालणारे दिसले. हेही ढेकूणच का? आणि कडुनिंब तेल तर सेंद्रिय आहे, ते सगळ्यावर मारलं तर चालेल ना? पिवळे चिकट सापळेही आणलेत.

---

रानमाळी

भराभर चालतात, बोटाने स्पर्श केला की पळतात, आणि पांढरे दोरे ढेकणांपेक्षा लांब-झुपकेदार? मग त्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याच्या अळ्या. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि इथे स्थिरावला. प्रौढ भुंगेरा काळा, डोकं आणि मागचं टोक विटकरी. ढेकणांच्या कापसासारख्या अंड्यांच्या पिशव्या ही अळी पोखरून खाते. तुमच्याकडे ती आली आहे म्हणजे विकत आणायची गरज उरली नाही. मुंग्यांची पट्टी मात्र आजच बांधा.

ढेकूणच तपकिरी, कडक, पिंपासारखे फुगलेले दिसले तर तेही शिल्लक ठेवा, त्यांच्या आतही परोपजीवी माशी वाढत असते. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पपई, तुती, जास्वंदीवर पसरला. औषधांनी तो आटोक्यात आला नाही. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणून सोडलेल्या मिलिमीटरभर परोपजीवी माशीने आणला. त्या माश्या आता जागोजागी स्थिरावल्या आहेत. आपण त्यांना मारत नाही एवढंच बघायचं.

कडुनिंब तेल सेंद्रिय असलं तरी निवडक नाही. ढालकिड्याच्या आणि सिरफिडच्या अळ्यांना कात टाकता येत नाही, त्या अर्धवट राहून मरतात. साबण तर मऊ अंगाच्या कुठल्याही किड्याला अंगावर पडताच मारतो. म्हणून सरसकट फवारा नको. दहा-बारा दिवस थांबूनही एखादी फांदी आटोक्यात येत नसेल तर फक्त तिच्यावर, आधी अळ्या-अंडी तपासून: एक लिटर कोमट पाण्यात आधी १ ते २ मिलिलिटर द्रव साबण, मग ५ मिलिलिटर तेल, दुधाळ होईपर्यंत हलवून, सूर्य कलल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला. तेल आधी आणि साबण नंतर घातला तर ते नीट मिसळत नाही, तेलाचे थेंब पानावर बसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पानं करपतात. जास्वंदीवर ढेकूण थोडे असतील तर जुना टूथब्रश साबणपाण्यात बुडवून घासणं फवाऱ्यापेक्षा चांगलं. अळ्या दिसतात, त्या वाचवता येतात.

पिवळे सापळे सध्या कपाटात ठेवा. पांढऱ्या माशीबरोबर परोपजीवी माश्या, सिरफिड, ढालकिडेही त्यांना चिकटतात. पांढरी माशी खूप वाढली तरच एक सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीला आठवडाभर लावा आणि काढून त्यावर कोण चिकटलंय ते भिंगाने मोजा. मित्र जास्त असतील तर परत लावू नका.

वांग्याच्या शेंड्यांचं राहिलं. पेरभर शेंडा अचानक मान टाकून सुकला तर आत शेंडा व फळ पोखरणारी अळी आहे. ती खोडाच्या आत असल्याने बहुतेक मित्रकीटक तिच्यापर्यंत पोचत नाहीत. सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून शेंडा कापा, अळीसकट चेचा किंवा जाळा, कंपोस्टात टाकू नका. शेंडे दर तीन-चार दिवसांनी बघायचे, आणि सोबत ल्युसी ल्युरचा एक कामगंध सापळा (मादीच्या गंधाने या अळीच्या नर पतंगांना पकडणारा) लावायचा. त्याचं ल्युर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीने बदला, वास संपलेला सापळा नुसता टांगलेला राहतो.